घारभाऊंनी प्रिंटर घेतला

प्रिंटर घ्यायचा ठरला तेव्हा त्या घरात दोनच माणसं होती, आणि घोडं नेमकं कुठे अडलंय हे त्यातल्या एकालाच ठाऊक होतं. बायकोला वाटत होतं, नवऱ्याला निवड करता येत नाही. लांब राहणाऱ्या मुलीला फोनवरून वाटत होतं, बाबांना पैसे सोडवत नाहीत. खरं कारण फक्त घारभाऊंना माहीत होतं, आणि ते मूग गिळून बसले होते.

घारभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते एका छापखान्यात प्रुफं तपासायचे, तीही औषधांच्या माहितीपत्रकांची. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला लांबट कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो आपण उघडतो आणि पुन्हा घडी जमत नाही म्हणून फेकून देतो? तो छापण्याआधी कुणीतरी अक्षर न् अक्षर वाचलेला असतो. ते कुणीतरी म्हणजे हे. दशांश चिन्ह आणि कागदावरचा डाग यांतला फरक त्यांना टेबलाच्या पलीकडून कळायचा, म्हणून छापखान्यातले लोक त्यांना घार म्हणायला लागले. केस पिकल्यावर मागे भाऊ लागला.

दोन महिन्यांपूर्वी छापखान्याने प्रुफांची खोलीच बंद केली. घारभाऊंचं नशीब म्हणा किंवा नावाचा दबदबा म्हणा, एका औषध कंपनीतल्या मॅडमनी त्यांना आपणहून फोन केला. काम घरून करायचं. पहिली तीन पत्रकं बिनचूक झाली तर वर्षभराचं काम पक्कं. अट एकच, घरी लेझर प्रिंटर हवा आणि त्यालाच स्कॅनर हवा. शाईचा चालणार नाही, त्यावर बारीक अक्षरं पसरतात. छापायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, स्कॅन करून परत पाठवायचं. पहिलं पत्रक येत्या गुरुवारी येणार होतं.

एवढं सगळं जुळून आलं होतं, आणि घारभाऊंच्या उजव्या डोळ्यासमोर वर्षभरापासून तेलकट कागद धरल्यासारखं झालं होतं.

सुरुवातीला त्यांनी दोष चष्म्याला दिला. दिवसातून दहादा काचा पुसायचे. मग खोलीतला दिवा बदलला, मग तोही बदलून त्याहून मोठा लावला. अलीकडे डावा डोळाही उजव्याच्या वाटेने निघाला होता. माणसं दिसायची, रस्ता दिसायचा, वर्तमानपत्राचे मथळे दिसायचे. पत्रकातली सहा पॉइंटची अक्षरं मात्र एकमेकांत मिसळून जायची. त्यातल्या त्यात शब्द अंदाजाने तरी लागतात. आकडा अंदाजाने लावायचा तर तिनाचा आठ व्हायला किती वेळ लागतो? आणि पत्रकातला आकडा म्हणजे कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणारं औषध.

मग डॉक्टरकडे का गेले नाहीत? तर घाबरले. ह्याला दुसरा सभ्य शब्द नाही. डॉक्टर काहीतरी नाव सांगणार, ते नाव घरात येणार, घरातून मॅडमच्या कानावर जाणार, आणि डोळे गेलेला मुद्रितशोधक कुणाला हवा असतो हे घारभाऊंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही कारण होतं.

प्रुफांच्या खोलीत जोडीने काम चालतं. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, स्वल्पविराम आणि कंससुद्धा उच्चारून. समोरचा हातातल्या प्रुफावर नजर ठेवून ताडत जातो. तासाभराने वाचणाऱ्याचा सूर लागतो आणि तपासणाऱ्याचा डोळा. म्हणून त्या खोलीच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे थोरले म्हणायचे, एक नियम केला होता. वाचणाऱ्याने दर पानाला एक शब्द मुद्दाम चुकीचा वाचायचा. तपासणारा जागा असेल तर तो लगेच पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करणार. टकटक झाली नाही तर त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्याच्याकडून.

घारभाऊ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. एके दुपारी थोरल्यांसमोर वाचताना त्यांनी दहाच्या जागी वीस म्हटलं. टकटक झाली नाही. चेष्टा वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. थोरले मान हलवून म्हणाले, "हं, पुढे." तिसऱ्या दिवशी घारभाऊंनी मॅनेजरला जाऊन सांगितलं. औषधाचं काम, सांगायलाच हवं होतं. महिन्याभरात थोरल्यांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. जाताना ते घारभाऊंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस." ते मनापासून म्हणाले की जिव्हारी लागून, ह्याचा उलगडा घारभाऊंना आजतागायत झालेला नव्हता.

तर असा हा माणूस प्रिंटर निवडायला निघाला. त्याने स्वतःची एक समजूत घालून घेतली होती: छपाईच फिकट असते. पुरेसं काळंकुट्ट छापणारा प्रिंटर मिळाला की सगळं ठीक होईल. बुडणारा माणूस काय काय धरतो ते सांगायला नको.

एका पेनड्राइव्हमध्ये त्यांनी जुन्या पत्रकाचं एक पान घेतलं. वरच्या ओळी बारा पॉइंटच्या, मग दहा, मग आठ, आणि तळाशी सहा. दुकानात शिरायचं, ते पान छापायला लावायचं, खिडकीपाशी नेऊन नाकासमोर धरायचं आणि म्हणायचं, "फिकट आहे."

"काका, नवा कोरा टोनर आहे," पहिला दुकानदार म्हणाला.

"तरी फिकट आहे."

बायको सोबत होती. ती प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, हातात वही घेऊनच दुकानात शिरणारी. तिने वहीत रकाने पाडले होते. किंमत, टोनरची किंमत, एका टोनरमध्ये पानं किती, पाठपोट छापतो का, हमी किती वर्षं. दुकानदाराला ती असे प्रश्न विचारत होती की तो हळूहळू मागे सरकत भिंतीला टेकला.

"सोबत येतो तो टोनर पूर्ण भरलेला असतो ना?"

"नाही मावशी, निम्माच असतो. आधीच सांगतो, नंतर भांडू नका."

"आणि हा ड्रम म्हणजे काय?"

"तोही वेगळा. दहाएक हजार पानांनी बदलायचा."

"म्हणजे स्वस्त दिसतं ते यंत्र, आणि खरा खर्च पुढे." तिने वहीत रेघ मारली. "आणि हे एकच यंत्र छापतं, कॉपी काढतं, स्कॅनही करतं?"

"हो, तिन्ही."

"बरं झालं. तीन कामं न सांगता करणारं आमच्या घरात कुणीतरी हवंच होतं." असं म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी घारभाऊंनी ह्यावर काहीतरी परत केलं असतं. ते कागद खिडकीकडे तिरपा करून बघत होते.

दुसऱ्या दुकानात फिकट. तिसऱ्या दुकानात फिकट आणि वर "कडा स्वच्छ नाहीत". तिसरा दुकानदार भिंग घेऊन आला, त्याने कडा पाहिल्या, मग घारभाऊंकडे पाहिलं आणि भिंग खणात ठेवून दिलं. घरी येईपर्यंत बायकोच्या नाकी नऊ आले होते.

"अहो, मुलगी बघायला गेलो होतो की प्रिंटर? तुमच्या आईनेसुद्धा मला इतकं न्याहाळलं नव्हतं."

"आकड्यांचं काम आहे गं," ते म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.

त्या संध्याकाळी मुलीने अकरा प्रिंटरांचा तुलनात्मक तक्ता करून पाठवला. बारीक अक्षरांत, अकरा ओळी, चौदा रकाने. बायको म्हणाली, "हा पडद्यावर मावत नाही, छापूनच बघायला हवा." मग तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसत सुटली. घारभाऊही हसले. तो तक्ता त्यांना मात्र करड्या पट्ट्यांसारखा दिसत होता.

बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी काम येणार. सकाळी ते एकटेच बाहेर पडले, बाजाराच्या टोकाच्या एका चिंचोळ्या दुकानात गेले आणि पुन्हा तेच पान छापायला लावलं. साधंच यंत्र होतं, काळ्याच रंगात छापणारं, पण स्कॅन रंगीत करणारं, म्हणजे लाल खुणा उमटणार. बायकोच्या वहीतल्या हिशोबातही बसत होतं. पान बाहेर आलं, अजून कोमट. घारभाऊंनी ते उजेडात धरलं आणि वाचायला लागले.

दहा पॉइंट वाचले. आठ वाचले. आणि काय आश्चर्य, सहासुद्धा! झाकण घट्ट बंद करावे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, उघडल्यानंतर तीस दिवसांत वापरावे. शब्द न् शब्द. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मोकळा श्वास घेतला आणि "हाच बांधून द्या" म्हणायला तोंड उघडलं. तेव्हा त्यांना दिसलं की शेवटच्या दोन ओळींवर त्यांचा अंगठा होता.

अंगठ्याखालच्या ओळी ते घडाघडा वाचत होते.

ते पान त्यांना पाठ होतं. एवढ्या वर्षांत शंभर वेळा तपासलेलं पान, पाठ नसेल तर काय? आज काही नवीन झालेलं नव्हतं. त्यांनी फक्त स्वतःला फसवलं होतं आणि तेही पकडलं गेलं होतं.

"दुसरं काहीतरी छापता येईल?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

दुकानदाराने एक बटण दाबलं. यंत्राने आपलीच माहिती छापलेलं पान बाहेर टाकलं, अनोळखी, बारीक, आकड्यांनी भरलेलं. घारभाऊंनी ते जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा वर केला, खाली केला. सांडलेल्या मोहरीतून काय वाचणार?

"कसं वाटतंय अक्षर, काका?"

"छान आहे," घारभाऊ म्हणाले. "बांधून द्या."

त्या क्षणी दुकानातून रिकाम्या हाताने परत जायचं तर घरी कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा प्रिंटर घेणं सोपं होतं. दुकानदार खोक्याला चिकटपट्टी लावता लावता उरलेले गुण सांगत होता. वायफाय आहे. पाठपोट छापतो. "आणि कॉपी काढताना चारशे टक्के मोठी करतो. आजी-आजोबांना फार आवडतं."

"मला काय करायचंय त्याचं?" घारभाऊ इतके फटकन बोलले की दुकानदाराच्या हातातली पट्टी तुटली.

यंत्र घरी आलं, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसलं. बायकोने माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, शिक्षकच ती. मुलीने फोनवरून सांगत सांगत वायफाय जोडून दिलं. बायको म्हणाली, "उद्या मीच वाचणार. सराव करू या." मूळ प्रत वाचायला दुसरं माणूस हवंच होतं, आणि तिने ते काम आधीच स्वतःकडे घेऊन टाकलं होतं. टकटकीचा नियम तिला लग्नापासून ठाऊक होता.

ती वाचायची म्हणजे वर्गाला शुद्धलेखन घालायची. प्रत्येक तुकडा दोनदा, मध्ये थांबून, चष्म्यावरून समोर बघत. "जेवणानंतर, स्वल्पविराम. जेवणानंतर, स्वल्पविराम. भरपूर तुपाबरोबर घ्यावे." टकटक! "भरपूर पाण्याबरोबर," घारभाऊ म्हणाले. "ताप उतरल्यावर नाचावे." टकटक. ती खूश झाली. घारभाऊ मात्र घामाघूम झाले होते, कारण त्यांनी एकदाही कागदाकडे पाहून टकटक केलेली नव्हती. वाक्य चुकलं की कान सांगायचा. छापखान्यातले शेवटचे काही महिनेही असेच कानावर काढले होते. आकडे आले की शिफ्ट संपल्यावर थांबून, भिंग लावून, पुन्हा एकटेच बसायचे. आता भिंगातही आकड्यांना कडा राहिल्या नव्हत्या.

गुरुवारी दुपारी पत्रक आलं. लहान मुलांचं खोकल्याचं पातळ औषध. मूळ प्रत आणि प्रूफ दोन्ही त्याच बारीक अक्षरांत, आणि शेवटी कंपनीचा एक फॉर्म. त्यावर दोन सह्यांच्या जागा: वाचले, तपासले. यंत्राने गुरगुरत पानं बाहेर टाकली. दोघं समोरासमोर बसली, तिच्या हातात मूळ प्रत, त्यांच्या हातात प्रूफ आणि लाल पेन्सिल.

पहिली बाजू बरी गेली. एक चुकीचा शब्द तिने पेरला, त्यांनी तो कानाने उचलला. मग तक्ता आला. कुठल्या वयाला किती औषध, एवढाच तळहाताएवढा तक्ता, पण सगळं पत्रक त्याच्यासाठीच. घारभाऊंच्या हातातली पेन्सिल ओली झाली. त्यांनी ठरवलं होतं, तक्ता आत्ता जाऊ द्यायचा, ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा बघायचा. कसा बघणार ते त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

"एक ते दोन वर्षे, एक, दशांश, पाच मिली."

"हं."

"दोन ते पाच वर्षे, चार, दशांश, पाच मिली."

"हं, पुढे."

ती पुढे गेली नाही. घारभाऊंना वाटलं पान उलटतेय. पानाचा आवाज आला नाही. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग टेबलावर हलकेच दोनदा आवाज झाला. पेन्सिलीचा नव्हता तो. तिने बोटाच्या पेराने टकटक केली होती.

"अहो," ती म्हणाली, "इथे दोन दशांश पाच आहे. मी मुद्दाम चार म्हटलं. शब्द तुम्ही झटकन पकडता, म्हटलं एखादा आकडा टाकून बघू."

घारभाऊंच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. डुलकी लागली. लक्ष नव्हतं. चहा माझ्याकडून. ती हसली असती आणि पुढे वाचायला लागली असती, आणि प्रूफ तसंच सही होऊन गेलं असतं. त्यांना थोरले आठवले. मान हलवून "हं, पुढे" म्हणणारे. ते तेव्हा किती घाबरलेले असतील, हे घारभाऊंना एवढ्या वर्षांनी, त्याच खुर्चीत बसल्यावर कळलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला आकडे दिसत नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाहीत. शब्दही दिसत नाहीत, ते ऐकून कळतात. वर्ष झालं."

तिने मूळ प्रत खाली ठेवली. मग तिचा आवाज चढला. "वर्ष? आणि तुम्ही एकटे बाजारात जाता? तो मोठा रस्ता ओलांडून?"

"रस्ता दिसतो गं."

"काय दिसतो! मागच्या आठवड्यात तुम्ही समोरच्या डॉक्टरीणबाईंना ओळख दिली नाहीत, मला वाटलं तुम्हाला शिष्टपणा आला." ती रागावली होती, पण राग कुठला आणि भीती कुठली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "मुलीला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मी कुणीच का?"

ती उठली, आतल्या खोलीत गेली, फोनवर तिचा शाळेतला आवाज ऐकू आला, आणि बाहेर येऊन तिने सांगितलं, "सोमवारी साडेदहा. नेत्रतज्ज्ञ. मी सोबत येणार आहे, आणि मधे बोलायचं नाही."

"काय सांगतील?"

"मला काय माहीत? मी काय डोळ्यांची डॉक्टर आहे?" मग जरा मऊ होऊन, "काय सांगतील ते दोघं ऐकू."

घारभाऊंनी प्रुफाची पानं गोळा करून टेबलावर ठोकून सारखी केली. "हे परत पाठवतो. मॅडमना सांगतो, होणार नाही. चूक राहिली तर पोरांच्या जिवाशी खेळ आहे."

"थांबा."

ती यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. झाकण उघडून मूळ प्रत काचेवर पालथी ठेवली, तक्ता कोपऱ्याशी येईल अशी सरकवली, पुस्तिकेत बघून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. छोट्या पडद्यावर आकडा वाढत चारशेपर्यंत गेला. काचेखालून उजेडाची पट्टी सरकली. यंत्राने थोडा विचार केला आणि एक पान बाहेर दिलं. तिने ते आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

तळहाताएवढा तक्ता अख्ख्या पानावर पसरला होता. आकडे हरभऱ्याएवढे. कडा जरा फुटलेल्या, मध्ये धूर होताच, पण धुरातूनसुद्धा दोन तो दोन होता आणि पाच तो पाच. त्यांच्यामधलं दशांश चिन्ह मसुराएवढं, कुठेही न हलता बसलेलं.

"दोन ते पाच वर्षे," घारभाऊ वाचायला लागले. "दोन, दशांश, पाच मिली." मग तिने अजून न वाचलेली खालची ओळही वाचली. हे त्यांनी ऐकून सांगितलेलं नव्हतं. अंगठ्याखालूनही वाचलेलं नव्हतं.

"झालं तर," ती म्हणाली. "उठा तिथून. ती तपासणाऱ्याची खुर्ची आहे ना?"

"तुला खुणा येत नाहीत."

"छत्तीस वर्षं लाल पेन्सिलच चालवली आहे मी. तुमच्या खुणा तेवढ्या दाखवा."

त्यांनी दाखवल्या. शब्द गाळायचा कसा, घालायचा कसा, आकड्याला गोल करून समासात पुन्हा कसा लिहायचा. मग तिने सगळी मूळ प्रत तुकड्या-तुकड्याने मोठी करून काढली. जमिनीवर कागदांची रांग लागली, टोनर निम्माच भरलेला असतो हे तिच्या लक्षात होतं, तरी ती थांबली नाही. घारभाऊ वाचायला बसले. सुरुवातीला अडखळले, नंतर जुना सूर लागला, स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. ती चष्मा नाकावर ओढून प्रुफावर वाकली होती. मान वर करत नव्हती.

तक्ता पुन्हा आला. तिसऱ्या ओळीला पाच मिली होतं. घारभाऊंनी वाचलं, "सहा ते अकरा वर्षे, सहा मिली."

आणि ते थांबले. ही टकटक झाली नाही तर पत्रक परत, काम परत, सगळंच परत. थोरल्यांसमोर बसून त्यांनी चेष्टेने अशीच वाट पाहिली होती. आज त्यांना वाटत होतं, होऊ दे, बाई, होऊ दे.

टक, टक.

"पाच आहे," मान वर न करता ती म्हणाली. "असले प्रकार मागच्या बाकावर चालतात, माझ्यापुढे नाही."

पत्रक त्यांनी दोनदा पार केलं आणि तक्ता तीनदा. प्रुफात एक खरी चूकही सापडली, कंस उघडून बंदच केलेला नव्हता. ती तिला सापडली आणि तिने त्याभोवती इतकं मोठं लाल वर्तुळ काढलं की निम्मं वाक्य त्यात बुडालं. मग घारभाऊंनी सांगितलं तसं तिने मॅडमना पत्र टाइप केलं. वाचणारा मी, तपासणारी नवीन, दोनदा तपासलं आहे, कृपया तुमच्याकडेही एकदा ताडून घ्यावं. माझ्या डोळ्यांची तपासणी सोमवारी आहे, त्यानंतर कळवतो. ती म्हणाली, "हे वाचून काम काढून घेतलं तर?" ते म्हणाले, "घेतील कदाचित." दोघांचेही चेहरे उतरले होते, पण पत्रातलं एक अक्षर त्यांनी बदलू दिलं नाही.

फॉर्म राहिला होता. घारभाऊंनी पेन घेतलं. वर्षानुवर्षं त्यांनी तपासलेच्याच जागी सही केली होती, न बघताही हात तिथेच गेला असता. तिने बोट ठेवून जागा दाखवली. "ही वाचले, ही तपासले."

त्यांनी वाचलेच्या पुढे सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"माझी सही?" ती म्हणाली. "मी कुठली तपासनीस?"

"टकटक केलीस ना," घारभाऊ म्हणाले. "कर सही."